तोफेचा नेम आणि डॉक्टरांचे शिक्षण

‘प्रत्याभरण’ हा शब्द बी.एड.च्या पुस्तकांमुळे आपल्या परिचयाचा आहे. बोलताना आपण सरळ फीडबॅक म्हणतो. शिक्षणशास्त्राने तो अभियंत्यांकडून उसना घेतला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन गणिती नॉर्बर्ट वीनर विमानविरोधी तोफांचा नेम कसा सुधारावा या प्रश्नावर काम करीत होते. आपल्याच कृतीचा परिणाम पाहून पुढची कृती दुरुस्त करणाऱ्या यंत्रणांचा विचार त्यांनी १९४८ साली ‘सायबरनेटिक्स’ या ग्रंथात मांडला. आम्हां प्रयोगशाळेतल्या लोकांना इन्क्युबेटरचे उदाहरण जवळचे वाटते. आत ३७ अंश सेल्सिअस तापमान हवे असताना ते ३५ वर उतरले, की नियंत्रक दोन अंशांचा फरक टिपतो आणि तापक सुरू करतो. तापक ‘ढ’ आहे, असा शेरा तो मारत नाही!

डॉक्टरांच्या शिक्षणात हा भेद १९८३ मध्ये जॅक एंडे या अमेरिकन डॉक्टरांनी एका लेखात स्पष्ट केला. परीक्षा निकाल देते, प्रत्याभरण माहिती देते. ही माहिती मिळाली नाही, तर शिकाऊ डॉक्टरांच्या चुका तशाच राहतात आणि त्यांची किंमत रुग्ण मोजतो. एंडे यांनी एक मार्मिक निरीक्षणही नोंदवले. विद्यार्थी दुखावेल म्हणून शिक्षक आडवळणाने बोलतात. वाईट ऐकावे लागेल म्हणून विद्यार्थीही विषय वाढवत नाही. दोघांच्या संगनमताने प्रत्याभरण हवेत विरून जाते. आपल्या वर्गांतही हे घडत नाही काय?

पण माहिती द्यायची, तर आधी पाहायला हवे. विद्यार्थी रुग्णाला बहुधा एकटाच तपासत असे आणि नंतर शिक्षकांना वृत्तांत सांगत असे. शिक्षक जोखत ते या वृत्तांताला. प्रत्यक्ष तपासताना विद्यार्थ्याचा हात कसा चालला, हे ठाऊक असे फक्त रुग्णाला.

मग रुग्णालाच का विचारू नये? मज्जासंस्थेच्या विकारांचे तज्ज्ञ हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात नेमके हेच केले. एका निरोगी स्त्रीला त्यांनी पाय लुळे पडलेल्या रुग्णाची भूमिका शिकवली. विद्यार्थी तिला तपासत. ते गेले, की त्यांनी काय केले व काय राहिले, याची नोंद ती तक्त्यात करीत असे. हॉलिवूड शेजारीच असल्याने वृत्तपत्रांनी या ‘नाटका’ची टिंगल केली. पुढे अशा प्रशिक्षित रुग्णांचा वापर जगभर होऊ लागला. आमच्या मते वैद्यकीय शिक्षणातील ही एक मोठी सुधारणा होय, कारण तीत कोणीतरी पाहू लागले.

बोलावे कसे, याचे नियम मागाहून आले. इंग्लंडमध्ये डेव्हिड पेंडल्टन व सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये क्रम सुचवला : काय चांगले झाले हे आधी विद्यार्थ्याने सांगावे, मग शिक्षकांनी, काय वेगळे करता आले असते हेही आधी त्यानेच सांगावे. क्रम उपयोगी आहे, पण यांत्रिकपणे पाळला, की विद्यार्थी कौतुकाकडे कान न देता ‘पण’ कधी येतो याचीच वाट पाहतो.

प्रत्याभरण नेहमी गुणकारी असते, हा समजही टिकला नाही. क्लुगर आणि डिनिसी या संशोधकांनी १९९६ मध्ये सहाशेहून अधिक निष्कर्ष एकत्र तपासले. सरासरीने कामगिरी सुधारली होती. मात्र एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी ती खालावली होती. लक्ष कामावरून उडून स्वतःकडे वळले, की परिणाम मंदावतो, असे त्यांना आढळले. ‘नाडी मोजताना घड्याळाकडे पाहिले नाहीस’ आणि ‘तू निष्काळजी आहेस’ ही दोन वाक्ये या दृष्टीने ताडून पाहावीत.

भारतात २०१९ पासून एम.बी.बी.एस.साठी क्षमताधारित अभ्यासक्रम लागू झाला. त्यासाठी सुचवलेल्या नोंदवहीच्या नमुन्यात शिक्षकांच्या सहीनंतर आणखी एक रकाना आहे : ‘प्रत्याभरण मिळाले’. तेथे सही विद्यार्थ्याने करायची असते.