प्रशिक्षणातून गाळलेलं पान

नव्याने निवडून आलेल्या महिला सरपंच-सदस्यांच्या प्रशिक्षणात पहिल्याच तासाला एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘शासनाने तुम्हाला संधी दिली आहे, तिचं सोनं करा.’ आमचा या वाक्यालाच आक्षेप आहे. देणाऱ्याचे उपकार मानायचे असतात, आणि उपकाराखाली दबलेली बाई हिशेब मागत नाही.

इतिहास काय सांगतो? २० जुलै १९४२ रोजी नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या, बाबासाहेब उपस्थित होते. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, गिरणीतल्या कामगार स्त्रियांना रजा असे ठराव तिथे झाले. शिवाय कायदेमंडळांत आणि इतर प्रातिनिधिक संस्थांत स्त्रियांसाठी जागा राखून ठेवाव्यात, असाही ठराव झाला. ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली २४ एप्रिल १९९३ रोजी. म्हणजे पन्नास वर्षं आधी आपल्या आया-आज्यांनी हे मागितलं होतं.

मधल्या काळात काय मिळालं? १९५७ च्या बलवंतराय मेहता समितीने पंचायत समितीवर दोन स्त्रिया ‘स्वीकृत’ करून घ्याव्यात असं सुचवलं. स्वीकृत म्हणजे निवडणूक नाही. जे आधीच सत्तेत बसलेत त्यांनी निवडायचं. मग ते कोणाच्या घरातली बाई निवडणार, हे वेगळं सांगायला नको.

‘बाबासाहेबांचा तर ग्रामपंचायतींनाच विरोध होता,’ असं काही मंडळी आपल्याला ऐकवतात. अर्धवट वाचन आहे हे. १९३२ साली मुंबई कायदे कौन्सिलात ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना त्यांचा मुद्दा होता की, अस्पृश्यांना स्वतंत्र प्रतिनिधित्व नसेल तर नुसत्या प्रौढ मतदानाने भागणार नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्यांनी गावगाड्यावर कडक टीका केली, आणि त्याच महिन्यात पंचायतींचं कलम, आजचं कलम ४०, स्वीकारलंही. गावात सत्ता कोणाच्या हातात राहील, हा त्यांचा प्रश्न होता. १९९३ नंतर एक तृतीयांश जागा स्त्रियांना मिळाल्या, अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागांतही तितक्याच, आणि सरपंचपदंही. महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या. पण बाबासाहेबांचा प्रश्न तिथेच उभा आहे.

आम्ही गेलो होतो त्या एका तालुक्याच्या प्रशिक्षणात तीन दिवस नमुना ८, नमुना ९ आणि रोकडवही चालली. नमुने यायलाच हवेत, त्याबद्दल वाद नाही. पण ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी आणि १० टक्के महिला-बालकल्याणासाठी खर्च करावे लागतात, हे कोणी सांगितलं नाही. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते, हेही नाही. जेवणाच्या सुट्टीत आम्ही बायांना एकच विचारलं : ‘ताई, तुमचं डोंगल कुठंय?’

पूर्वी कोऱ्या चेकवर सह्या घ्यायचे. आता सरपंचाची डिजिटल सही डोंगलमध्ये असते, आणि ते डोंगल ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये, ग्रामसेवकाच्या बॅगेत नाहीतर नवऱ्याच्या खिशात. बहुतेकींनी ते हातात धरूनही पाहिलं नव्हतं. एक आजी म्हणाल्या, ‘ते पेनावाणी असतं तेच का?’ कोणी हसलं नाही.

त्यांच्यातलीच एक आपली बौद्ध ताई, अनुसूचित जातीच्या महिला राखीव जागेवरची सरपंच. गावी जाऊन तिने डोंगल मागून घेतलं. आठवड्यातच अविश्वास ठरावाची कुजबुज सुरू झाली. रात्री तिचा फोन आला, आवाज कापत होता. आम्ही सांगितलं, सरपंचपद स्त्रियांसाठी राखीव असेल तर अविश्वासाला तीन चतुर्थांश मतं लागतात. तिच्या पंचायतीत तिला धरून नऊ जण. म्हणजे त्यांना सात हवेत.

ती बोटांवर मोजत होती, ते फोनवर ऐकू येत होतं. ‘मग मला माझं धरून तीन पुरेत की,’ ती म्हणाली.

ठराव आला नाही. पुढच्या मासिक सभेत तिने १५ टक्क्यांचा तीन वर्षांचा हिशेब मागितला. तो अजून मिळालेला नाही. लेखी अर्ज कसा करायचा ते बघायला ती येत्या रविवारी विहारात येणार आहे, सोबत दोन सदस्य बायांना घेऊन.