रायपूरमध्ये जलाकाठची सुटी : तळी, नदी, जलाशय आणि स्थानिक खाद्यपदार्थ

रायपूर : छत्तीसगडच्या राजधानीला समुद्रकिनारा नाही. ओडिशातील पुरी आणि आंध्र प्रदेशातील विशाखापट्टणम हे रायपूरकरांच्या नेहमीच्या परिचयाचे किनारे. मात्र दोन्ही ठिकाणी पोहोचण्यासाठी रेल्वेचा दीर्घ प्रवास करावा लागतो. सप्टेंबर 2024 मध्ये सुरू झालेल्या दुर्ग–विशाखापट्टणम वंदे भारत एक्स्प्रेसलाही हे अंतर कापण्यास सुमारे आठ तास लागतात. दोन-तीन दिवसांची सुटी असेल, तर जाण्यायेण्यातच तिचा मोठा भाग संपतो. अशा वेळी मुक्काम घरीच ठेवून आपल्या परिसरात सुटी घालवण्याचा, म्हणजेच ‘स्टेकेशन’चा पर्याय उरतो. पाण्याच्या काठी बसण्याची हौस भागवायची असेल, तर रायपूरमध्ये तळी आहेत, नदी आहे आणि दिवसभरात जाऊन येता येईल असा विस्तीर्ण जलाशयही आहे. यांपैकी बहुतेक पाणी माणसाने अडवलेले किंवा साठवलेले आहे, हे येथील सुटीचे वैशिष्ट्य होय.

तळ्यांचा प्रदेश

छत्तीसगडमध्ये एखाद्या गावच्या जलवैभवाचे वर्णन ‘छै आगर छै कोरी’ तळी अशा शब्दांत करण्याची रीत आहे. ‘कोरी’ म्हणजे वीस, मराठीतील ‘कोडी’चेच भावंड. सहा कोड्या आणि वर सहा, म्हणजे 126 तळी. भाताच्या या प्रदेशात तळे केवळ सिंचनासाठी नव्हते. स्नान, गुरांचे पाणी, मासळी, सणवार आणि अंत्यविधींनंतरचे संस्कार या साऱ्यांशी ते जोडलेले होते. नव्या तळ्याचे विधिपूर्वक लग्न लावून त्याच्या मध्यभागी लाकडी स्तंभ रोवण्याची प्रथाही या भागात होती. रायपूर शहराची जुनी वस्ती अशाच तळ्यांच्या आधाराने वाढली.

पहिला दिवस : शहरातील तळी

सुटीचा पहिला दिवस जुन्या शहरासाठी राखावा. आरंभ बूढा तालाबपासून करणे सोयीचे. विवेकानंद सरोवर या नावानेही ओळखल्या जाणाऱ्या या तळ्याच्या मध्यभागी स्वामी विवेकानंदांचा ध्यानस्थ भव्य पुतळा आहे. बालवयातील नरेंद्र 1877 मध्ये कुटुंबासह रायपूरला आले आणि सुमारे दोन वर्षे येथे राहिले. शहराच्या विमानतळालाही त्यांचेच नाव देण्यात आले आहे.

ब्रिटिशकालीन गॅझेटिअरमधील नोंदीनुसार रायपूरचा किल्ला राजा भुवनेश्वर सिंह याने 1460 मध्ये बांधला आणि बूढा तालाब त्याच काळातील आहे. तळ्याचा विस्तार मुळात जवळपास एक चौरस मैल होता. पुढे तो कमी करण्यात आला आणि पूर्वेकडील भागात सार्वजनिक बाग करण्यात आली, असेही ती नोंद सांगते. शहर सुधारणेच्या नावाने तळे आक्रसण्याची प्रक्रिया अशा रीतीने एकोणिसाव्या शतकातच सुरू झाली होती. आज तळ्याभोवती फेरी मारताना मूळ विस्ताराची ही नोंद ध्यानात ठेवली, तर आसपासच्या रस्त्यांकडे आणि बागेकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

मराठी पर्यटकांसाठी हा परिसर आणखी एका कारणाने जिव्हाळ्याचा आहे. तळ्याच्या जवळच माधवराव सप्रे यांच्या नावाची शाळा आहे. मराठीभाषक सप्रे यांचा जन्म 1871 मधला. त्यांनी 1900 मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले आणि ‘दासबोध’ व ‘गीतारहस्य’ हे ग्रंथ हिंदीत आणले. 1926 मध्ये रायपूर येथेच त्यांचे निधन झाले. शहरातील तात्यापारा या वस्तीच्या नावातही मराठी खूण आहे, तर चौबे कॉलनीतील महाराष्ट्र मंडळ 1935 पासून मराठी कुटुंबांना एकत्र आणत आहे.

जुन्या वस्तीतच कंकाली तालाब आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस कृपालगीर महंतांनी ते संपूर्ण दगडी बांधणीत बांधून घेतले आणि त्याच्या मध्यभागी महादेवाचे छोटे मंदिर उभारले, अशी नोंद आहे. महाराजबंध तालाब मराठा राजवटीतील एका महसूल मक्तेदाराने बांधल्याचे गॅझेटिअर सांगते. त्याच्या जवळील रामचंद्र मंदिर 1775 मध्ये नागपूरकर भोसले घराण्यातील बिंबाजी भोसले यांनी बांधल्याचीही नोंद आहे. ही तळी देवस्थानांशी निगडित असल्याने तेथे सहलीच्या थाटाने न जाता मंदिरात जावे तसे जाणे उचित.

सायंकाळ तेलीबांधा तालाबच्या काठी घालवता येते. जी. ई. रोडवरील या तळ्याला रायपूरकर कौतुकाने ‘मरीन ड्राइव्ह’ म्हणतात. काठावर फिरण्यासाठी पदपथ, बसण्याची जागा, उंच स्तंभावरील राष्ट्रध्वज आणि खाद्यपदार्थांच्या गाड्या व दुकाने आहेत. सुटीच्या दिवशी सायंकाळी येथे मोठी गर्दी होते. शांतता हवी असलेल्यांनी पहाटेची वेळ निवडावी.

काय खावे

स्थानिक पदार्थांची ओळख करून घेण्यासाठी महंत घासीदास स्मारक संग्रहालयाच्या आवारातील ‘गढ कलेवा’ ही सर्वांत सोयीची जागा आहे. 2016 मध्ये सुरू झालेल्या या उपाहारगृहात महिला बचत गट छत्तीसगडी पदार्थ बनवून देतो. ‘कलेवा’ म्हणजे न्याहारी. संग्रहालयाची मूळ स्थापना 1875 मधील असून, राजनांदगावचे राजे महंत घासीदास यांचे नाव त्याला देण्यात आले आहे. सिरपूर व परिसरातील शिल्पे पाहून बाहेर येताच न्याहारी असा बेत येथे सहज जमतो.

येथील बरेच पदार्थ तांदळाचे आहेत. तांदळाच्या पिठाचा चिला म्हणजे कोकणातील घावनाचा नातलग. फरा म्हणजे शिजलेला भात व तांदळाचे पीठ मळून केलेल्या, वाफवलेल्या आणि फोडणीत परतलेल्या लांबट वळकट्या. चौसेला ही तांदळाच्या पिठाची पुरी. हरभऱ्याच्या डाळीची वाफवलेली बफौरी तेलकट नको असलेल्यांसाठी उत्तम. बेसनाची खारी ठेठरी आणि गव्हाच्या पिठात गूळ घालून तळलेली खुरमी हे सणाचे पदार्थ प्रवासात बरोबर नेता येतात. गुळाचा ऐरसा खाताना अनारशाची आठवण होते, तर देहरौरी हा तांदळाच्या पिठापासून बनवून पाकात मुरवलेला गोड पदार्थ आहे. उन्हाळ्यात घरोघरी खाल्ला जाणारा ‘बोरे बासी’, म्हणजे रात्रभर पाण्यात भिजवलेला भात, कांदा, मिरची आणि चटणीसोबत घेतला जातो. शेतकरी व कष्टकऱ्यांचा तो मुख्य आहार राहिला आहे. दाक्षिणात्य न्याहारी हवी असल्यास कामगारांच्या सहकारी संस्थेमार्फत चालणाऱ्या इंडियन कॉफी हाउसचा जुना पर्याय शहरात आहे.

दुसरा दिवस : खारून आणि नवा रायपूर

दुसऱ्या दिवशी सकाळी खारून नदीवरील महादेव घाट गाठावा. येथील हटकेश्वर महादेव मंदिराचा संबंध कलचुरी राजा ब्रह्मदेव याच्या काळाशी, म्हणजे पंधराव्या शतकाच्या आरंभाशी जोडला जातो. कार्तिक पौर्णिमेला येथे ‘पुन्नी मेळा’ भरतो. नदीवर पादचाऱ्यांसाठी झुलता पूल असून नौकाविहाराची सोयही आहे. खारून ही शिवनाथची आणि शिवनाथ ही महानदीची उपनदी. त्यामुळे घाटावरचे पाणी अखेरीस ओडिशा ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळते. रायपूरचे समुद्राशी असलेले नाते हे असे आहे.

खारून हा शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मुख्य आधार आहे. भाठागाव येथील बंधाऱ्यातून पाणी उचलले जाते आणि उन्हाळ्यात नदीचा प्रवाह रोडावला की गंगरेल धरणातून कालव्याद्वारे पाणी सोडले जाते. घाटावर निर्माल्य, प्लॅस्टिक किंवा उरलेले अन्न नदीत न टाकण्याची सूचना म्हणूनच केवळ स्वच्छतेपुरती नाही. ज्या नदीकाठी सहल केली जाते, तिचेच पाणी घरच्या नळाला येते.

दुपारनंतर नवा रायपूर अटल नगरकडे जाता येईल. सेंध जलाशयाचा काठ मोकळा आणि निवांत आहे. पुरखौती मुक्तांगणात बस्तरपासून सरगुजापर्यंतच्या लोकजीवनाचे दर्शन घडते. 2006 मध्ये तत्कालीन राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. सुमारे 800 एकरांवरील जंगल सफारी 1 नोव्हेंबर 2016 पासून खुली आहे. तिच्या परिसरातील खंडवा जलाशयावर हिवाळ्यात पक्षी पाहायला मिळतात. मुक्तांगण, सफारी आणि संग्रहालय यांना सर्वसाधारणपणे सोमवारी सुटी असते. त्यामुळे बेत आखताना वेळांची खात्री करून घ्यावी. मुक्तांगण आणि सफारी दोन्ही एकाच दुपारी उरकण्याचा आग्रह धरू नये. लहान मुले असल्यास सफारी, ज्येष्ठ नागरिक असल्यास मुक्तांगण ही निवड सोयीची ठरते.

तिसरा दिवस : गंगरेल

समुद्राची आठवण करून देणारे पाणी पाहायचे असेल, तर धमतरीजवळील गंगरेल गाठावे लागते. रायपूरपासून सुमारे 90 किलोमीटरवर महानदीवर बांधलेल्या या धरणाचे अधिकृत नाव रविशंकर सागर असे आहे. 1970च्या दशकाच्या उत्तरार्धात ते पूर्ण झाले. पावसाळ्याच्या अखेरीस जलाशय भरलेला असताना पैलतीर धूसर दिसतो आणि वाऱ्याने लाटाही उठतात. नौकाविहार, जलक्रीडा आणि काठावरील पर्यटक कुटिरांमुळे हे ठिकाण ‘मिनी गोवा’ म्हणून प्रसिद्ध झाले आहे. एक रात्र बाहेर काढायची असल्यास कुटिरांची नोंदणी आधीच करावी. दिवाळी, नाताळ व नववर्षाच्या काळात ती ऐनवेळी मिळणे कठीण असते.

गंगरेलचे पाणी शेतीला, भिलाईच्या पोलाद कारखान्याला आणि गरजेच्या वेळी रायपूरला मिळते. या पाण्याखाली 52 गावे गेली. काठावरील अंगारमोती मातेचे स्थानही बुडालेल्या परिसरातून येथे आणलेले आहे. विस्थापित कुटुंबांचे वंशज आजही देवीच्या दर्शनाला येतात. जलक्रीडेसाठी आलेल्या पर्यटकांनी या मंदिरात थोडा वेळ थांबल्यास जलाशयाचा दुसरा इतिहासही त्यांच्या नजरेस येईल.

धरणाची सहल नको असलेल्या कुटुंबांना रायपूरपासून सुमारे 45 किलोमीटरवरील राजिमचा पर्याय आहे. महानदी, पैरी आणि सोंढूर या नद्यांच्या संगमावरील या गावी राजीवलोचन मंदिर आहे. नदीपात्रातील उंच जोत्यावर कुलेश्वर महादेवाचे मंदिर आहे. माघ पौर्णिमेपासून महाशिवरात्रीपर्यंत येथे मोठी यात्रा भरते. शांतपणे मंदिरे पाहायची असल्यास हा काळ टाळावा.

हंगाम, खर्च आणि सुरक्षितता

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ या सुटीसाठी सर्वांत योग्य. तळी व जलाशय तेव्हा भरलेले असतात आणि हवा सुखद असते. एप्रिल-मेमध्ये रायपूरचा पारा अनेकदा 42 अंशांच्या पुढे जातो. त्या दिवसांत काठावरचे फिरणे सूर्योदयानंतरचे दोन तास आणि सूर्यास्तानंतरचा वेळ एवढ्यापुरतेच ठेवावे. पावसाळ्यात गंगरेलचे दरवाजे उघडल्यावर खालच्या पात्रात पाणी झपाट्याने वाढते. अशा वेळी पात्रात उतरणे जिवावर बेतू शकते.

शहरातील तळी पोहण्यासाठी नाहीत. नौकाविहार करताना जीवरक्षक जाकीट घातल्याशिवाय नावेत बसू नये आणि लहान मुलांसाठी योग्य मापाचे जाकीट आहे का, हे आधी पाहावे. पहिल्या दोन दिवसांचा प्रवास शहर बस, रिक्षा किंवा स्वतःच्या वाहनाने होऊ शकतो. तिसऱ्या दिवशी वाहन भाड्याने घ्यावे लागल्यास दोन कुटुंबांनी मिळून जाणे परवडते. मुक्कामाचा खर्च वाचत असल्याने तोच पैसा स्थानिक उपाहारगृहे, बचत गट आणि नावाड्यांकडे वळवता येतो.

काठ कोणाचा

रायपूरमध्ये रजबंधा मैदान या नावाची जागा आहे. तेथे पूर्वी रजबंधा तालाब होता. आता केवळ नावात ‘बंधा’ उरला आहे. कटोरा तालाब हे नाव आज तळ्यापेक्षा वस्तीचे म्हणून अधिक घेतले जाते. तळी बुजवून झालेल्या बांधकामांचा प्रश्न देशभरातील शहरांत आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये हिंचलाल तिवारी प्रकरणात तळी ही समाजाची सामूहिक संपत्ती असून पर्यावरणाच्या समतोलासाठी त्यांचे रक्षण आवश्यक असल्याचे स्पष्ट केले होते. तरीही सुशोभीकरण आणि खाऊगल्ल्यांच्या निमित्ताने काठावर काय बांधावे, यावरून रायपूरमध्ये वेळोवेळी मतभेद झाले आहेत.

या वादात सुटीसाठी येणाऱ्या नागरिकाचाही वाटा आहे. काठावर केवळ दुकाने आणि रोषणाई यांनाच गर्दी झाली, तर तळ्याच्या पाण्यापेक्षा काठावरील बांधकामाला महत्त्व येते. याउलट सकाळची फेरी, पायऱ्यांवरची बैठक, पक्षी आणि जुनी मंदिरे यांसाठी लोक येऊ लागले, तर पाणी राखण्यालाही मोल प्राप्त होते. समुद्र कोणी बुजवू शकत नाही. तळे मात्र एका पिढीत नाहीसे होते. रायपूरकरांना जलाकाठची सुटी पुढेही घरच्या घरी हवी असेल, तर काठाइतकीच पाण्याचीही काळजी वाहावी लागेल.