सही कोणाची?

ऑपरेशनच्या आधी कागद पुढे येतो आणि विचारणा होते, ‘नातेवाईक कोण आहेत? इथं सही करा.’ पेशंट शुद्धीवर असतो, समोरच्याच खाटेवर असतो; तरी पेन जातं मुलाच्या नाहीतर नवऱ्याच्या हाती.

ही रीत फार जुनी आहे. उदररोगावरचे सारे उपाय थकले आणि विषासारखं जहाल औषध देण्याची वेळ आली, तर वैद्याने धोका उघड सांगून अनुमती घ्यावी, असं चरकसंहिता सांगते. अनुमती कोणाची? आप्त, मित्र, पत्नी, गुरू, राजा यांची. त्या यादीत रोगी नाही.

१७६७ साली इंग्लंडमध्ये एका रोग्याला न्याय मिळाला. जुळत आलेला पाय त्याला न विचारता पुन्हा मोडून लोखंडी यंत्रात अडकवल्याबद्दल उपचार करणाऱ्या दोघांना ५०० पौंड भरावे लागले. न्यायालयाने आधार घेतला तो शल्यविशारदांच्याच रिवाजाचा: काय होणार ते रोग्याला आधी सांगायचं, म्हणजे तो मन घट्ट करतो. तेव्हा भूल नव्हती. रोग्याने धीर धरल्याशिवाय सुरी चालणं कठीणच.

१८४६ मध्ये ईथर आलं, वेदना गेल्या आणि विचारण्याची ती निकडही ओसरली. न्यूयॉर्कमध्ये एका बाईंनी ईथरखाली फक्त तपासणीला होकार दिला होता, ऑपरेशनला स्पष्ट नकार. शुद्धीवर आल्या तेव्हा गाठ काढून झाली होती. १९१४ च्या निकालात न्यायमूर्ती कार्डोझो यांनी सज्ञान माणसाचा स्वतःच्या देहावरचा हक्क ठामपणे मांडला. खटला मात्र त्या हरल्या, कारण धर्मादाय असल्याने रुग्णालय जबाबदार ठरलं नाही.

नुसता होकार पुरेसा नाही, धोकेही सांगायला हवेत, हा मुद्दा १९५७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका निकालाने पुढे आणला. तिथे महाधमनीच्या तपासणीनंतर रुग्णाचे पाय कायमचे लुळे पडले होते.

भारतात हा प्रश्न नातेवाइकांच्या सहीवरच येऊन ठेपला. दिल्लीत ४४ वर्षांच्या एका अविवाहित महिलेने दुर्बिणीतून तपासणीला संमती दिली होती. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईची परवानगी घेऊन तिचं गर्भाशय आणि बीजकोश काढले गेले. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये स्पष्ट केलं: सज्ञान स्त्रीच्या वतीने आई होकार देऊ शकत नाही. जिवावर बेतलं असतं तर गोष्ट वेगळी होती. इथे ती शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं. तपासणीची संमती म्हणजे उपचाराचीही संमती नव्हे.

भरपाई ठरली २५ हजार रुपये. गेलेल्या अवयवांच्या मानाने ती फारच तुटपुंजी होती. डॉक्टरांना फीवरचा हक्कही सोडावा लागला.