नियोगी समिती आणि प्रा. जॉर्ज

निवडणूक जवळ आली की आमच्या नागपूरच्या नंदनवन भागात चर्चमधली उपासना सुटल्यावर तोच वाद रंगतो: ख्रिस्ती माणसानं राजकारणात पडावं का? मी म्हणतो, बाबांनो, नागपुरात हा प्रश्न एकदा सरकारनंच विचारलाय, तोही लेखी.

१९५४ साली नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. मुख्यमंत्री रविशंकर शुक्लांच्या सरकारनं निवृत्त मुख्य न्यायाधीश डॉ. भवानीशंकर नियोगींची समिती नेमली. मिशनरी कामामागं राजकीय हेतू आहे का, हेही तिला तपासायचं होतं. ९९ प्रश्नांची प्रश्नावली निघाली. राज्याच्या जशपूर-सरगुजा भागात वेगळ्या झारखंड राज्याची मागणी होती. मिशनऱ्यांवरचा राजकारणाचा संशय बराचसा तिथला. धर्मांतर हेच मुख्य काम असलेल्या मिशनऱ्यांना परत जायला सांगावं, असं १९५६ चा अहवाल म्हणाला. चर्चवाले अर्थातच खवळले.

मला मात्र समितीतले ख्रिस्ती सदस्य, वर्ध्याचे प्रा. एस. के. जॉर्ज, छळतात. १९३२ मध्ये ते कलकत्त्याच्या बिशप्स कॉलेजात शिकवत. ख्रिस्ती लोकांनी गांधींच्या कायदेभंगाला साथ द्यावी, असं ते उघड म्हणाले आणि नोकरी सोडावी लागली. म्हणजे चर्चला राजकारणाचं वावडं नव्हतं; नको होतं ते गांधींचं!

अशा समितीत बसले म्हणून आमच्यातले काही जॉर्जना फितूर म्हणतात. मी नाही म्हणत, पण मिशनऱ्यांना परत पाठवायची ती शिफारसही मला पटत नाही. अहवालाचा धागा पुढं मध्य प्रदेशच्या १९६८ च्या धर्मस्वातंत्र्य कायद्यात दिसला. तोवर नागपूर महाराष्ट्रात आलं होतं.