डोळ्याचा निकाल

तांब्याच्या खाणीच्या या गावात, साहित्याच्या व्यासपीठावरून संगणकाच्या चित्रांविषयी बोलायचे, आणि तेही एका होमिओपॅथी डॉक्टरने, याचे तुम्हाला नवल वाटेल. पण आपल्या घरातली नातवंडे मोबाइलवरच्या खेळातले डोंगर-पाणी पाहून 'ग्राफिक्स भारी' किंवा 'एकदम फालतू' असा निकाल क्षणात देऊन मोकळी होतात. तो निकाल ती कशाच्या आधारे देतात? संगणक वस्तूची लांबी, रुंदी आणि खोली आकड्यांत साठवतो, उजेड कुठून कसा पडेल याचा हिशेब करतो आणि अखेर सपाट पडद्यावर चित्र उमटवतो. यंत्र नवे असले तरी पारख करणारा डोळा जुनाच आहे, आणि त्याला सवयी आहेत.

आम्हा जैनांच्या कल्पसूत्राच्या जुन्या सचित्र पोथ्या पाहा. चेहरा थोडा वळलेला, आणि पलीकडचा डोळा गालाच्या रेषेबाहेर, जणू हवेत काढलेला. शरीररचनेच्या हिशेबाने हे अशक्य. तरीही पोथी पाहणाऱ्या पिढ्यांना त्यात काही खटकले नाही, कारण त्यांच्या डोळ्याला ती रीत माहीत होती.

पुढे कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी 'शांबरिक खरोलिका' दाखवायला सुरुवात केली. काचेवर रंगवलेली चित्रे कंदिलाच्या उजेडात पडद्यावर भराभर सरकवायची, की कथा हलती भासे. मग दादासाहेब फाळके आले. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच पुरुषाने केल्या होत्या. पडद्यावर राम दिसताच प्रेक्षक पायातले जोडे काढीत, अशी आठवण आजही सांगितली जाते. त्यावरून त्या लोकांना भोळे ठरवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मला ती पटत नाही. कीर्तन, दशावतार, कंदिलाची चित्रे एवढे सारे पाहिलेली ती माणसे होती. हा नट आहे हे त्यांना ठाऊक होते. चित्र 'चांगले' ठरवताना ती कातडीचा पोत मोजत नव्हती. राम रामासारखा उभा राहतो की नाही, हे पाहत होती.

उलट उदाहरणही मराठीतलेच आहे. १९९३ च्या 'झपाटलेला'तला तात्या विंचू हा रामदास पाध्ये यांचा बाहुला. २०१३ मध्ये महेश कोठारे यांनी 'झपाटलेला २' त्रिमितीत आणला. चष्मा लावला की बाहुला अंगावर येई. पण चष्म्यामुळे पडद्याचा उजेडही कमी होतो. शिवाय नजर पडद्यावर स्थिर ठेवायची आणि बुबुळे मात्र जवळच्या वस्तूसाठी आत वळवायची, अशी ओढाताण होते. डोके दुखते ते यामुळे, भुतामुळे नव्हे! तात्या विंचू भीतिदायक का, याचे उत्तर जपानच्या मासाहिरो मोरी यांनी १९७० सालीच सुचवले होते. माणसासारखी वस्तू आपल्याला आवडत जाते. पण ती अगदी माणसाजवळ येऊन थोडी उणी पडली, की किळस वाटते. बाहुल्याचे यश नेमके तिथेच आहे. संगणकाने काढलेला चेहरा मात्र त्याच जागी फसतो.

शास्त्रज्ञांनी हा निकाल मोजायचा प्रयत्न केला. लोकांना चित्रे दाखवायची, पाचपैकी गुण मागायचे, सरासरी काढायची, ही साधी रीत. पण कल्पनेतल्या वस्तूला ताडून पाहायला मूळ कुठून आणायचे? अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या ग्रीनबर्ग, मेयर आणि सहकाऱ्यांनी मूळच तयार केले. त्यांनी एक खरी पेटी बांधली, तिचेच चित्र संगणकाकडून काढून घेतले आणि दोन्ही प्रतिमा दोन कॅमेऱ्यांच्या मागच्या काचेवर शेजारी-शेजारी दाखवल्या. यातले खरे कोणते, हे ओळखताना निम्म्याच्या आसपास लोक फसले. १९८६ साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला. पेटी साधी होती, हे विसरू नये. माणसाचा चेहरा ठेवला असता तर गोष्ट वेगळी झाली असती.

तरीही डोळा फसला म्हणजे चित्र उत्तम, ही कसोटी सिनेमाला आणि खेळाला पुरते. माझ्या क्षेत्रात ती धोक्याची आहे. सीटी स्कॅनवरून हाडाचे त्रिमिती चित्र काढता येते. रुग्ण ते पाहून थक्क होतो. पण पृष्ठभाग गुळगुळीत करताना बारीक भेग झाकली जाऊ शकते. म्हणून क्ष-किरणतज्ज्ञ निदान करताना एकेक करड्या, सपाट चकत्या तपासतो.

आणि आपली खाण? मलाजखंडला उघड्या खाणीखाली आता भूमिगत खाणही आली आहे. जमिनीतला खनिजाचा साठा पडद्यावर त्रिमितीत दाखवतात, तेव्हा मुळात माहिती असते ती भोके पाडून काढलेल्या दगडांच्या नमुन्यांची. दोन भोकांच्या मधला भाग अंदाजाने भरलेला असतो. म्हणून अहवालात साठ्याचे मोजलेले, सूचित आणि अनुमानित असे वर्ग पाडतात. पडद्यावर मात्र तिन्हींवर सारखीच चकाकी चढवता येते, आणि त्या चित्राकडे बघून खाली उतरणारी माणसे आपल्याच घरातली असतात.