हाताला कळतं तेव्हा चेंडू सुटलेला असतो

फील, कन्सिस्टन्सी आणि डिस्टन्स. गोल्फच्या स्टिकविषयी कुणीही बोलो, हे तीन शब्द जोडीनेच येतात. जणू चांगला शाफ्ट, म्हणजे स्टिकचा दांडा, घेतला की तिन्ही एकाच पॅकेजमध्ये मिळतात. शाफ्टचा इतिहास मात्र वेगळं सांगतो: या तीन गोष्टी वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या कारणांनी बदलल्या. रिसर्चचा विषय शोधणाऱ्यांनी हा इतिहास वाचावा तो याचसाठी.

गोल्फ आपल्याकडे तसा जुना आहे. कोलकात्यात 1829 मध्ये आणि मुंबईत 1842 मध्ये क्लब निघाले होते. पण बेसा-पिपळा रोडवरच्या पोरांच्या हातात क्रिकेटची बॅट असते, म्हणून तिथून सुरू करू. चांगल्या बॅटची मूठ वेताची असते, मध्ये रबराच्या पट्ट्या. कारण साधं: हाताला झिणझिण्या येऊ नयेत. गोल्फचा दांडा साधारण मीटरभर लांब, आणि डोकं त्याच्या एका बाजूला. त्यामुळे तो नुसता वाकत नाही, पिळतोही. सगळी गोष्ट या पिळाची आहे.

एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमध्ये अमेरिकेतून हिकरीचं लाकूड येऊ लागलं. हे आपल्या अक्रोडाच्या कुळातलं झाड. चिवट आणि लवचिक. पण लाकूड तंतूंच्या दिशेने मजबूत असतं, पिळाला कमजोर. शिवाय एका झाडाचे दोन दांडे सारखे निघत नाहीत. त्यामुळे खेळाडू प्रत्येक स्टिकची खोड ओळखून हात जुळवून घ्यायचा.

एडिनबरोच्या टॉमस हॉर्सबर्गने 1894 मध्ये पोलादी दांड्याचं पेटंट घेतलं. दांडा भरीव होता, म्हणजे जड. पोलाद हिकरीपेक्षा नऊ-दहा पट जड पडतं. त्यामुळे पोकळ नळी हाच मार्ग होता. अमेरिकेतल्या आर्थर नाइटने 1910 मध्ये तिचं पेटंट मिळवलं. तरी अमेरिकेत परवानगी मिळायला 1924 उजाडलं, आणि ब्रिटनच्या आर अँड एने ती 1929 मध्ये दिली.

आता इथे थांबा. पोलादाने अंतर वाढवलं असतं, तर हिकरीवाले लगेच मागे पडायला हवे होते. पण बॉबी जोन्सने 1930 मध्ये एकाच वर्षात चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या, त्या हिकरीच्याच स्टिकने. पोलादी शाफ्टने यूएस ओपन पहिल्यांदा जिंकलं बिली बर्कने, 1931 मध्ये.

पोलादाने दिलं ते सातत्य. नळी पिळत कमी होती आणि कारखान्यातून एकसारखी निघत होती. क्रमांकांचे जुळते संच आले. मग लोक पिशवीत इतक्या स्टिक भरू लागले, की 1938 मध्ये अमेरिकेत आणि पुढच्या वर्षी ब्रिटनमध्ये 14 ची मर्यादा घालावी लागली. सातत्याची किंमत आकड्यात सांगता येते: चेंडू फक्त एक अंश वाकडा निघाला, तरी 200 मीटरवर तो साडेतीन मीटर बाजूला जातो.

मग फील? 1968 मध्ये कॉक्रन आणि स्टॉब्ज यांनी इंग्लंडमधल्या अभ्यासाचं पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यातल्या एका प्रयोगात डोक्याच्या अगदी वर दांड्याला बिजागरी बसवली होती. तरी चेंडू जवळपास तितकाच लांब गेला. कारण टक्कर जेमतेम अर्धा मिलिसेकंद टिकते. वाकण्याची लहर मुठीपर्यंत जाऊन खाली परत येईपर्यंत चेंडू निघून गेलेला असतो. म्हणजे हाताला जे जाणवतं, ते झाल्यानंतरची बातमी.

अंतराचा फायदा आला तो मुख्यतः वजनातून. 1970 च्या सुमारास ग्राफाइटचे शाफ्ट बाजारात आले. पोलादी शाफ्ट 120 ग्रॅमच्या आसपास, तर आजचे ड्रायव्हरचे ग्राफाइट शाफ्ट बरेचदा 50 ते 70 ग्रॅम. स्टिक हलकी, म्हणून लांब करता येते आणि डोक्याचा वेग वाढवता येतो. पण सुरुवातीचे ग्राफाइट शाफ्ट पुन्हा पिळायचे! कार्बनचे काही थर 45 अंशात तिरपे घालून तो प्रश्न आटोक्यात आला.

मग फील निरुपयोगी का? अजिबात नाही. गेलेला चेंडू तो बदलू शकत नाही, पण पुढचा स्विंग बदलतो. हिकरीवाला पीळ ओळखूनच लय सांभाळत होता. म्हणजे शाफ्ट बदलला की खेळाडूही बदलतो, आणि तुमची तुलना तिथेच गढूळ होते. त्यात चेंडूही बदलत गेले. म्हणून "शाफ्टमुळे अंतर वाढलं" हे वाक्य नुसत्या इतिहासावरून सिद्ध होत नाही.

सिनॉप्सिस लिहिताना 'परफॉर्मन्सवर परिणाम' असं लिहायचा मोह होईल. तो शब्द फोडा. काय मोजणार, कोणत्या क्षणी मोजणार आणि तेव्हा बाकी काय बदलत होतं, हे तीन रकाने आधी भरा. गाइडने विचारण्याआधी उत्तर तयार असेल.