हलाखीतलं घर आणि वाढतं वय: कादंबऱ्यांमधले आई-वडील नेमके कसे असतात?

'श्यामची आई' म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती सोशिक, मायाळू आई. पण पुस्तकातली हीच आई पोहायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला मारते आणि विहिरीवर पाठवते. नंतर त्याच्या अंगावरचे वळ पाहून तिच्याच डोळ्यांत पाणी येतं.

मदर्स डेला फिरणाऱ्या पोस्टमध्ये ही आई सहसा दिसत नाही. बालपण ते तारुण्य असा प्रवास सांगणाऱ्या चांगल्या कादंबऱ्यांमध्ये मात्र अशाच आई-वडिलांची गोष्ट असते. ते प्रेम करतात, चुकतात, रागावतात आणि कधी कधी मुलाच्या वाटेत उभेही राहतात. घरात पैसा नसला की हे सगळं जास्त ठळकपणे समोर येतं.

हा कादंबरीप्रकार काय आहे?

एखादं मूल हळूहळू मोठं कसं होतं, जगाबद्दलची त्याची समज कशी बदलते, हे सांगणाऱ्या कादंबरीला जर्मन भाषेत 'बिल्डुंग्सरोमान' म्हणतात. म्हणजे घडणीची कादंबरी. गटे या जर्मन लेखकाची १७९५-९६ मध्ये आलेली 'विल्हेल्म माइस्टर' ही या प्रकारातली सुरुवातीची महत्त्वाची कादंबरी मानली जाते.

या कादंबऱ्यांमध्ये मूल मोठं होतं ते फक्त वयाने नाही. आपले आई-वडील सर्वशक्तिमान नाहीत, त्यांनाही भीती वाटते, त्यांचेही हात बांधलेले आहेत, हे त्याला कळतं. खरी गोष्ट तिथून सुरू होते. सुखवस्तू घरात ही जाणीव उशिरा येऊ शकते. गरिबीत ती लवकर येते, कारण 'नाही' हा शब्द मुलाला रोज ऐकावा लागतो.

कर्ज: घराची अब्रू आणि मुलाची समज

१८२४ साली लंडनमध्ये चार्ल्स डिकन्सच्या वडिलांना कर्ज फेडता न आल्यामुळे मार्शलसी तुरुंगात जावं लागलं. १२ वर्षांच्या चार्ल्सला बुटाच्या पॉलिशच्या कारखान्यात डब्यांना लेबलं चिकटवायचं काम करावं लागलं. वडील सुटल्यानंतरही त्याने कामावर जात राहावं, असं आईला वाटत होतं. वडिलांनी मात्र त्याला शाळेत घातलं. आईची ती इच्छा डिकन्स आयुष्यभर विसरला नाही.

पुढे त्याने 'डेव्हिड कॉपरफिल्ड' (१८४९-५०) लिहिली. त्यात नायकाचे वडील त्याच्या जन्माआधीच वारलेले आहेत. कर्जात बुडालेला, तरीही उद्या काहीतरी चांगलं घडेल या आशेवर जगणारा मिकॉबर हा डेव्हिडचा घरमालक आहे. या पात्रात डिकन्सच्या वडिलांची छाया आहे. बापाबद्दलचा राग आणि माया, दोन्ही त्याने असं दुसऱ्या माणसात ठेवलं.

'श्यामची आई'मध्येही घर कर्जाने पोखरलं जातं. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत लिहिलं. ते १९३५ मध्ये प्रसिद्ध झालं. आश्रमातल्या सोबत्यांना श्याम रोज रात्री एक आठवण सांगतो, अशा ४२ रात्रींची ही मांडणी आहे. सुरुवातीला कोकणातलं खातंपितं घर दिसतं. मग वाटण्या होतात, सावकाराचं कर्ज वाढतं आणि वसुलीसाठी आलेला माणूस दारात अपमान करतो.

श्याम मोठा होतोय हे आपल्याला कुठे कळतं? आईच्या उपदेशांपेक्षा एका छोट्या प्रसंगात. शिकायला बाहेरगावी राहणारा श्याम खाऊसाठी मिळालेले पैसे खर्च करत नाही. ते साठवून तो धाकट्या भावासाठी कोट शिवून घेतो, कारण भावाचा कोट फाटलेला असतो. तोवर घर त्याला सांभाळत होतं. इथे पहिल्यांदा तो घराचा भार उचलतो.

बापच आडवा येतो तेव्हा

सगळ्याच घरांत गरिबी माणसांना एकत्र आणत नाही. आनंद यादव यांच्या 'झोंबी' (१९८७) या आत्मचरित्रात्मक कादंबरीत मुलाची खरी झुंज स्वतःच्या वडिलांशी आहे. या पुस्तकाला १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिचा एक भाग 'जूझ' या नावाने एनसीईआरटीच्या बारावीच्या हिंदी 'वितान' या पुस्तकात आहे. त्यामुळे महाराष्ट्राबाहेरच्या मुलांनाही ही गोष्ट माहीत आहे.

कागलच्या शेतात राबणाऱ्या आनंदाची शाळा दादाने, म्हणजे वडिलांनी, बंद केलेली असते. त्याला शिकायचंय. आईलाही ते पटतं, पण नवऱ्यापुढे तिचं काही चालत नाही. शेवटी मायलेक मिळून गावातल्या वजनदार दत्ताजीराव देसायांकडे जातात आणि आपण आल्याचं दादाला सांगू नका, अशी विनंती करतात. दत्ताजीराव दादाला बोलावून खडसावतात.

दादा तयार होतो, पण अटी घालून. सकाळी ११ पर्यंत शेताला पाणी पाजायचं, मग शाळा, शाळेतून आल्यावर गुरं चारायची. शेतात जास्त काम असेल तर शाळा बुडवायची. मुलगा सगळं कबूल करतो.

दादाला खलनायक ठरवणं सोपं आहे. स्वतः कामं टाळून मुलाला राबवणारा हा बाप वाचताना राग येतोच. पण ज्या घरात प्रत्येक हाताची गरज आहे, तिथे मुलाची शाळा म्हणजे कमी झालेला एक हात असतो, हेही कादंबरी लपवत नाही. आईचं प्रेमही इथे वेगळं दिसतं. ती मोठमोठं बोलत नाही. मुलासाठी ती नवऱ्यापासून एक गोष्ट लपवते, आणि तेच तिचं धाडस आहे.

आईही कठोर होते

बिभूतिभूषण बंदोपाध्याय यांच्या बंगाली 'पथेर पांचाली'त (१९२९) ही गोष्ट आणखी अवघड होते. हरिहर कमाईसाठी गावोगाव फिरतो. मागे सर्वजया दोन मुलांना घेऊन घर चालवते. अपुऱ्या अन्नात वाटेकरी नको म्हणून ती म्हाताऱ्या इंदिर ठाकरूणशी निष्ठुरपणे वागते. शेजारीण दुर्गावर चोरीचा आळ घेते, तेव्हा ती लेकीलाच मारते. अपमान शेजारणीने केलेला असतो आणि मार मुलीला बसतो.

सत्यजित राय यांच्या १९५५ च्या चित्रपटात दुर्गाच्या मृत्यूनंतर लहानग्या अपूला ती चोरलेली माळ घरात सापडते. तो कुणाला काही न सांगता ती तळ्यात फेकतो. बहिणीने चोरी केली होती हे आता आई-वडिलांना कधीच कळणार नाही. अपूचं बालपण बहुधा त्याच क्षणी संपतं.

घर सोडल्यावर

या कादंबऱ्यांमध्ये शिक्षण हाच हलाखीतून बाहेर पडायचा रस्ता असतो आणि तो रस्ता घरापासून दूर जातो. आई मुलाला शिकवते आणि त्यामुळेच एकटी पडते.

श्याम शिकायला लांब असतो आणि आईच्या अखेरच्या क्षणी तो तिच्याजवळ नसतो. पुढे तो ज्या आठवणी सांगतो, त्यांत ही हुरहुर आहे. 'पथेर पांचाली'नंतरच्या 'अपराजितो'मध्ये अपूही कोलकात्यात शिकतो. आईच्या मृत्यूची बातमी कळल्यावर त्याला आधी क्षणभर मोकळं झाल्यासारखं वाटतं. त्या भावनेने तो स्वतःच हादरतो आणि मग दुःख येतं. बिभूतिभूषण यांनी हे लपवलं नाही. आईवर प्रेम असूनही तिच्या अपेक्षांचं ओझं वाटू शकतं, हे त्यांनी जवळपास शंभर वर्षांपूर्वी लिहून ठेवलं.

मग या गोष्टी कशासाठी वाचायच्या?

हलाखी आपोआप माणसाला थोर करत नाही, हे या चारही गोष्टींमधून दिसतं. ती कुणाला हळवं करते, कुणाला कठोर, आणि अनेकदा एकाच माणसाला दोन्ही. म्हणून आईला देवी आणि बापाला खलनायक करून टाकलं की गोष्ट सोपी होते, पण अर्धी राहते.

मोठं झालेलं मूल मागे वळून पाहतं तेव्हा त्याला कळतं की आई-वडिलांनी जे दिलं नाही, त्यातलं बरंचसं त्यांच्याकडे नव्हतंच. जे असूनही दिलं नाही, त्याचा राग राहतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे ज्याला उमगलं तो मोठा झाला, असं या कादंबऱ्या सांगतात.